ठकूचे पाढे

देऊळगाव राजाच्या अड्ड्यावर जालन्याच्या मोटारीची वाट पाहत होतो. बाकावर माझ्या पाठीशी गावच्या शाळेचे हेडमास्तर रंगराव आणि त्यांच्या हाताखालच्या सत्यभामाबाई बोलत होते.

“बाई, तुमचं ट्रेनिंग तर झालं हाय. आता मुंबईले पुन्हा काय शिकाले चालल्या?”

“बहिऱ्या लेकरांले कसं शिकवाचं, ते.”

“आपल्या शाळेत बहिरं कोण हाय?”

“ठकू.”

“काहीतरीच! ठकू रोज सगळ्यायसंग पाढे म्हणते. म्या सोता पाह्यलं.”

“पाह्यलं, मास्तर. ऐकलं नाही. दुसऱ्या पोरींचे तोंडं पाहून ती नुसते ओठ हालवते. काल तिले एकटीले उभी केली, तर एक अक्षर फुटलं नाही.”

“मग देवानंच तिले तसं केलं. तुम्ही काय करसान?”

“बहिरी देवानं केली. दोन वर्ग पास तुम्ही केली.”

“आवाज खाली करा, बाई. लोक ऐकून राह्यले.”

“ऐकू द्या.”

“एका पोरीसाठी वर्षभराची रजा मी देणार नाही. तुमची जागा भरून टाकीन.”

“भरा.”

“परत आल्यावर शाळेची पायरी चढू देणार नाही.”

“बालाजीच्या देवळापुढं सावली हाय. तिथं बसवीन तिले.”

“लय माजल्या तुम्ही!”

“हाव. मोटार आली, मास्तर. तेवढी ट्रंक वर देता?”

“मी? मुळीच नाही.”

“मग सरका.”