मशीन बघायला काय जातं?

...आणि वर मलाच ऐकवतात, अगं, बघायला काय जातं? काय जातं? तुम्हाला सांगते, अख्खा रविवार जातो, चपलेचा अंगठा जातो, घसा जातो, आणि घरी पोचेपर्यंत दादाशी बोलणं बंद झालेलं असतं, तेव्हा तेही गेलंच धरा. पण नाही. सेकंडहँड मशीन घ्यायचं म्हटलं की ज्याला त्याला हे एकच वाक्य येतं. बघायला काय जातं.

मशीन कसलं, ते सांगते. कोरायचं. म्हणजे स्पर्धेत कप देतात ना, शिल्ड, पदकं, त्यांच्यावर नाव नसतं का, 'प्रथम क्रमांक' वगैरे, ते कोरायचं. मी होते ते ऑफिसच बंद झालं, आणि घरी बसल्या बसल्या मला वाटलं की जगात बक्षिसं वाटणाऱ्यांची काही कमी नाही, आपण कप कोरून द्यायचा छोटासा धंदा टाकावा. नुसतं वाटलं हो, पण मी ते जेवताना बोलून गेले! दुसऱ्या दिवशी आईने मागची खोली रिकामी केली. गाद्या, मोडकी सायकल, सगळं बाहेर. आता त्या खोलीत कोणी डोकावलं तरी मला गुन्हा केल्यासारखं होतं. आणि मावशी... मावशी म्हणजे सकाळी चालायला जाणाऱ्या बायकांच्या मंडळाची अध्यक्ष, त्यांचा वर्षाचा बक्षीस समारंभ असतो, तिने तर मशीन यायच्या आधीच सगळे कप आणून त्या खोलीत ओळीने मांडले. म्हणाली, "तूच कोरायचेस. पण जमणार नसेल तर आत्ताच सांग बाई, मी नेहमीच्या दुकानात देते. त्या बायकांसमोर माझी शोभा नको."

जमणार नसेल तर! इथेच तर गोम आहे. मी दचकते. बेल वाजली, दचकले. फोन थरथरला, दचकले. कोणी मागून हाक मारली तर विचारूच नका. कॉलेजात मानसशास्त्राला दचकण्यावर एक अख्खा धडा होता, तो वाचताना खिडकी आपटली, त्या पानावर अजून चहाचा डाग आहे. आणि कोरायच्या कामात कसं असतं, रेघ एकदा उमटली की उमटली. तिथे खोडरबर नाही. आई भाजी निवडता निवडता एवढंच म्हणाली, "तुला दुसरा एखादा धंदा सुचला नाही का गं, खोडता येईल असा?"

तर मशीन बघायला बरोबर कोण, तर दादा. दादाने एकदा घरचा मिक्सर उघडला होता, तेव्हापासून तो आमच्या घरातला इंजिनिअर. मिक्सर नंतर नवा आणावा लागला, तो भाग वेगळा. शिवाय दादाला धुळीने शिंका येतात, आणि त्याची शिंक म्हणजे साधी शिंक नाही, वरच्या मजल्यावरचे लोक विचारायला खाली येतात, काय पडलं म्हणून. आणि सेकंडहँड मशिनांवर काय असतं? धूळ! पण म्हणाला, मी आहे ना, चल, बघायला काय जातं.

पहिलं मशीन लेसरचं. भेटवस्तूंचं दुकान गुंडाळायला निघालेला एक माणूस, मोठा गोडबोल्या. त्याने बटण दाबलं, झाकणाखाली काहीतरी करपलं, आत कुठेतरी भोंगा वाजला, आणि मी थेट दादाच्या पायावर. तो माणूस म्हणतो, घाबरू नका ताई, थोडा धूर होतो, पण घरात डास राहत नाहीत. मी विचारलं, कपावर होतं ना नीट? तर म्हणे, लाकडावर होतं, चामड्यावर होतं, काचेवर होतं, कागदावर तर फारच होतं. म्हटलं, आणि धातूवर? तर मान जराशी वाकडी करून म्हणतो, "धातू सोडून बोला ना." मावशीचे सगळे कप धातूचे!

दुसरं, कॉम्प्युटरवर चालणारं. एका पाट्या बनवणाऱ्या बाईंचं. मशीन छान, दिसायला अगदी नवं. पण त्याचा कॉम्प्युटर... त्याच्यावर चिठ्ठी डकवलेली, 'बंद करू नये.' मी विचारलं, असं का? बाई आवाज खाली आणून, आजारी माणसाजवळ बोलतात तशा म्हणाल्या, बंद केला की परत सुरू होईल याची खात्री नाही. मग घरी कसा न्यायचा? तर म्हणे, चालू ठेवूनच न्या! मला डोळ्यांसमोर दिसायला लागलं, टेम्पोत मी, मांडीवर कॉम्प्युटर, आणि मागे दुकानापासून घरापर्यंत वायर. दादा मात्र गंभीरपणे विचारतोय, किती लांब वायर मिळेल. मी त्याला हाताला धरून बाहेर काढलं. रस्ताभर तेच, जुगाड झालं असतं, तुला धीरच नाही. मी म्हटलं, बास, आता काही बघायचं नाही. तर तो म्हणतो, एकच राहिलंय, वाटेवरच आहे, बघायला काय जातं.

हे तिसरं एका म्हाताऱ्या कोरणाऱ्या काकांचं. जिन्याखालची खोली, एक दिवा, आणि मधोमध ते लोखंडी धूड. वीज नाही, भोंगा नाही, काही नाही! एका हाताने पितळेच्या मोठाल्या अक्षरांच्या खाचांतून दांडी फिरवायची, आणि दुसऱ्या टोकाची सुई तेच अक्षर लहान करून कपावर कोरते. आवाज केवढा, तर मांजर पाणी पिताना होतो तेवढा. मला इतकं शांत वाटलं म्हणून सांगू. काकांनी त्यांच्या शेवटच्या ऑर्डरचा कप लावलेलाच होता. म्हणाले, शेवटची ओळ तुम्ही करा, हातात घेतल्याशिवाय कळायचं नाही.

मी बसले. 'उत्कृष्ट' झालं. अहो, माझ्या हातून झालं, सरळ, स्वच्छ! 'कामगिरी' सुरू केलं, 'का' झाला, 'म' झाला, मी श्वास धरून, काका श्वास धरून... आणि दादा शिंकला.

मी हातभर उडाले. दांडी कुठच्या कुठे. डोळे उघडायची हिंमत होईना. दुसऱ्याचा कप, शेवटची ऑर्डर, आणि त्यावर माझी रेघ. डोळे उघडले तर... रेघ होती बोटाच्या पेराएवढी. कारण मशीनचं कामच ते, मोठं घ्यायचं आणि लहान करून द्यायचं. तुम्हाला सांगते, आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी माझं दचकणं लहान करून दाखवलं. घरी तर मोठंच करून सांगतात.

मी रडायच्या बेतात. काका मात्र शांत. अक्षरांच्या पेटीतून त्यांनी एक पानाचा साचा काढला. पेटीतला सगळ्यात झिजलेला तोच होता. रेघेला इकडे एक पान, तिकडे एक पान, झाली वेल. तेव्हा मी त्यांच्या हाताकडे पाहिलं, बारीक थरथरत होता. ते म्हणाले, "गेली काही वर्षं माझ्या प्रत्येक कपावर वेल आहे. लोकांना वाटतं, मी हौसेने काढतो."

घेतलं मशीन. दादा खरं तर घासाघीस करायला आला होता, पण शिंकेनंतर त्याला तोंड वर करायची सोय नव्हती. चार हमाल लागले, दाराची चौकट खरवडली, पण आलं.

मग मावशीचे कप. पहिल्याला बेल वाजली, वेल काढली. दुसऱ्याला मावशीचाच फोन, झाले का गं? वेल. आणि आई! मी दचकू नये म्हणून बिचारी पाय न वाजवता मागे येऊन कानाशी म्हणायची, "मी आहे हं, दचकू नकोस." वेल, वेल, वेल! एक कप, फक्त एकच कप, एका निवांत दुपारी नीट झाला. एकही चूक नाही. मी तो उशाशी ठेवून झोपले.

समारंभात मी दाराजवळ उभी होते, पळायला बरं. बायका कप हातात घेऊन फिरवून फिरवून बघताहेत. तेवढ्यात एक बाई तणतणत मावशीकडे. तिच्या हातात माझा तो निर्दोष कप. म्हणाली, "सगळ्यांच्या कपांवर वेल, मग माझ्याच कपावर का नाही? मी काय कमी चालले?"

मावशीने मला भर हॉलमध्ये हाक मारली. अर्थात दचकले. म्हणाली, यांच्या कपावर काढून दे, आणि पुढच्या वर्षी सगळ्यांना जरा दाट काढ, आताच सांगून ठेवते.

आता तो कप मशीनला लावलेला आहे. मुद्दाम रेघ काढायला गेलं की ती ताठ येते, फूटपट्टीने ओढल्यासारखी, तिची वेल कसली होतेय? दचकायलाच हवं. आणि गंमत बघा, त्या मशीनपुढे बसलं की आताशा मी दचकतच नाही. बेल वाजते, मी ढिम्म! शेवटी दादालाच मागे उभं केलं, म्हटलं, शिंक. मी दांडी धरून बसलेली, आई दारात, दादा नाक वर करून छताकडे बघतोय... येईना. मी कंटाळून म्हटलं, येणार आहे का रे तुला? तर म्हणतो,

"थांब गं जरा. बघायला काय जातं?"