देवमाशाच्या डोळ्यातली बाई

केस कापायच्या दुकानात माझ्या शेजारच्या बाकावर दोघी नंबर लावून बसल्या होत्या. एक काकू आणि त्यांची जुनी शेजारीण.

"काकू, मजा आहे बुवा तुमची! गाणंबजावणं आणि प्रकाशझोतानं दाखवायच्या हलत्या चित्रांचा एवढा मोठा महोत्सव, तोही तुमच्याच इमारतीच्या भिंतीवर!"

"मजा तर विचारूच नकोस. भिंत आमची, चित्रं त्यांची. आम्हाला नोटीस: दिवे बंद, पडदे बंद, खिडकी उघडायची नाही."

"म्हणजे तुम्हाला काहीच दिसत नाही?"

"ऐकू येतं ना! ड्रम सुरू झाला की कपाटातल्या कपबशासुद्धा नाचतात."

"आणि काका?"

"ते खाली, पहिल्या रांगेत. कलेची फार जाण ना त्यांना! अंधारात बसायला मी आहेच."

"मग?"

"मग काय, काल डोकं उठलं. खिडकी सताड उघडली आणि मी ओरडले, 'बंद करा हा धिंगाणा!' भिंतीवर नेमका देवमासा होता. आमची खिडकी त्याच्या डोळ्यावर, म्हणून मी त्याच्या डोळ्यात."

"अगं बाई! लोक चिडले असतील."

"छे, टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, कार्यक्रमातलंच आहे."

"आणि काका?"

"घरी येऊन मोबाइलवर मलाच दाखवलं. म्हणे, 'ही डोळ्यातली बाई बघ, काय हुबेहूब केलीय! अगदी खरी वाटते.'"

"त्यांनी ओळखलं नाही तुम्हाला?"

"तीसच वर्षं झाली लग्नाला. एवढ्यात कुठे?"

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, छान आहे. बाईचा आवाज तेवढा कमी पडला, उद्या वाढवतील."