अकरा मशिनं आणि एकच नंबर

...आणि वर म्हणते काय, बाबा, तुम्ही काहीच करू नका, सगळं आपोआप होतं. आपोआप! तुम्हाला सांगतो, चाळीस वर्षं शिलाई मशिनं दुरुस्त करतोय, एक सुई कधी आपोआप बसलेली पाहिली नाही मी. पट्टा तुटतो आपोआप, तेवढं खरं. बसवायला माणूस लागतो. पण हे सुनेला सांगणार कोण? सून शिकलेली. मी चौथी पास. तीही दुसऱ्या खेपेला.

माझ्या वह्या होत्या. एकवीस. कुणाचं मशीन, काय बिघाड, कधी परत दिलं, सगळं त्यात. अक्षर फक्त मलाच लागतं, ही गोष्ट वेगळी. सुनेनं तीन महिने बसून त्या सगळ्या कॉम्प्युटरात घातल्या. कष्टाळू आहे, नाही म्हणत नाही. मग मला खुर्चीवर बसवलं आणि समजावलं. म्हणे, हे बघा बाबा, इथं गिऱ्हाईक, इथं त्याचं मशीन, इथं पत्ता, आणि या सगळ्यांचा एकमेकांशी संबंध जोडायचा. म्हटलं, म्हणजे सोयरीक? म्हणे, तसंच समजा. आपण 'काम पूर्ण'वर बोट ठेवलं की कॉम्प्युटर गिऱ्हाइकाचा फोन नंबर बघणार, नंबरावरून संबंधित नोंदी शोधून आणणार, पत्त्याची चिठ्ठी छापणार, टेम्पोवाल्याला कळवणार आणि गिऱ्हाइकाला निरोप धाडणार. कसं? आपोआप.

मी विचारलं, "आणि मी काय करायचं?"

"तुम्ही आराम करा."

चालत्या-फिरत्या म्हाताऱ्याला याहून मोठी शिवी नाही, लिहून ठेवा.

आता घोटाळा कुठं झाला ते ऐका. या कॉम्प्युटरला फोन नंबर दिल्याशिवाय पुढं जाता येत नाही. अडून बसतं. चौकट लाल होते, रुसल्यासारखी. आणि माझ्या वह्यांत नंबर कुठले? माणूस यायचा, मशीन ठेवायचा, मी म्हणायचो गुरुवारी या, तो गुरुवारी यायचा. मध्ये फोनचं काय काम? तर सून यादी घेऊन आली, याचा नंबर काय, तिचा नंबर काय, यांचा काय... मी म्हटलं, दुकानाचा टाक, माझ्या खिशातल्या मोबाईलचा. म्हणाली, सगळ्यांना? म्हटलं, गिऱ्हाईक माझं, नंबर माझा. तिनं यादी खाली ठेवली. मग म्हणाली, तात्पुरता टाकते, पण तुम्ही एकेकाला विचारून खरा नंबर आणून द्या हं. मी हो म्हटलं. आणलं नाही. का आणू? मी लोकांच्या दारात जाऊन नंबर मागत फिरू? मी?

झालं. शनिवार उजाडला. अकरा मशिनं तयार. त्यातलं एक कात्रीबाईचं. कात्रीबाई म्हणजे कोण, तर शाळेचे गणवेश शिवते, गळ्यात कायम कात्री लटकवलेली, म्हणून कात्रीबाई. माझ्याकडे पहिल्या वर्षापासून येते. सोमवारी शाळा उघडणार, बेचाळीस गणवेश कापून पडलेले, मशीन हे एकच. मी शब्द दिला होता, शनिवारी दोन वाजता मशीन दारात. आणि माझा शब्द म्हणजे... चाळीस वर्षांत एकदाही चुकलेला नाही. तापात फणफणत असताना मशीन पोचवलंय मी.

सकाळी सुनेनं अकराही मशिनांच्या 'काम पूर्ण'वर बोट ठेवलं. टेम्पो भरला, गेला. मी आराम करत होतो. आपोआप. दहाच्या सुमारास फोन वाजला, कुणीतरी म्हणालं, "साहेब, माल आणलाय, आत ठेवू का?" दुकानात कुणी ना कुणी सामान आणतच असतं. मी म्हटलं, ठेव बाबा. मग फोन किणकिणायला लागला. प्रिय ग्राहक, आपलं मशीन घरपोच झालं. प्रिय ग्राहक, आपलं मशीन घरपोच झालं. अकरा वेळा! मी म्हटलं, फारच प्रेमात आलंय हे.

साडेबाराला कात्रीबाई दुकानात. टेम्पो दारावरून रिकामाच गेला म्हणून चेहरा उतरलेला. म्हणाली, "दादा, मशीन कुठाय?" मी म्हटलं, पोचलं ना. निरोप आलाय. ती म्हणाली, निरोप तुम्हाला आलाय. मशीन मला यायला हवं होतं.

सून पळतच कॉम्प्युटरकडे. बघते तर काय! अकराही गिऱ्हाइकांचा नंबर एक, म्हणून कॉम्प्युटरनं ठरवलं, अकरा जण म्हणजे एकच माणूस. आणि त्या नंबरावर सुनेनं सर्वांत आधी चढवलेली नोंद कुणाची, तर आठ वर्षांपूर्वी आईचं मशीन आणलेल्या दातांच्या डॉक्टरची. अकराच्या अकरा चिठ्ठ्या त्यांच्या पत्त्यावर! सून म्हणाली, "बाबा, नंबर आणले नाहीत ना तुम्ही?" एवढंच. मला वाटलं, दोन शब्द जास्त बोलली असती तर बरं झालं असतं.

टेम्पोवाल्याला विचारलं, अरे, अकरा मशिनं एका घरात, तुला काही वाटलं नाही? म्हणाला, वाटलं की. म्हणून तर चिठ्ठीवरच्या नंबराला फोन केला. तुम्हीच म्हणालात, ठेव बाबा.

त्याच टेम्पोत बसून दवाखान्यात गेलो. तुम्ही बघायला हवं होतं. दाराशी दोन मशिनं, जिन्यात तीन, बाकीची आत, आणि सुजलेल्या गालांची माणसं बाकांवर जागा नाही म्हणून मशिनांवर टेकलेली. एक आजोबा तर चक्क पायडल मारत होते, म्हणे ठणका विसरतो. डॉक्टर हातमोजे घालून बाहेर आले, थंडपणे म्हणाले, "काका, टाके मीही घालतो, पण हिरडीला. त्याला अकरा मशिनं लागत नाहीत."

चिठ्ठ्या बघाव्यात तर अकरांवरही डॉक्टरांचंच नाव. बरोबर, आपोआप छापलेल्या ना! मग मी काय केलं, एकेकाचं चाक फिरवलं. कान लावला. हे घुमतंय, हे गादीवाल्याचं. हे कुरकुरतंय, हे मागच्या गल्लीतल्या नर्सबाईचं, तिला किती सांगितलं तेल घाल. आणि कात्रीबाईचं मशीन सापडलं, तर त्यावर एक गृहस्थ गाल धरून बसलेला, उठेचना. म्हणे, नंबर जाईल. मी म्हटलं, नंबराचं मला सांगू नका. शेवटी टेम्पोवाल्यानं त्याला बखोटीला धरून उभं केलं.

तिच्या दारात पोचलो तेव्हा दोन वाजून दहा मिनिटं. दहा मिनिटं! तिनं भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. मीही बघितलं. मशीन मांडून दिलं, दोरा ओवला, शिवण चालू झाली. मी निघालो तर मान वर न करता म्हणाली, "दादा, रागावू नका. पुढच्या वेळी सूनबाईंनाच फोन करीन म्हणते. त्यांचा नंबर द्या."

नंबर मला कुठला पाठ? म्हटलं, विचारून देतो. सुनेनं दुकानासाठी एक नवा नंबर घेतलाय, त्याची चिठ्ठी होती खिशात, तिच्या डोळ्यांदेखत माझ्या फोनवरून तो लावला. तिथंही आधी कॉम्प्युटरच बोलतो. आणि तोवर सुनेनं माझा नंबर साऱ्या नोंदींतून पुसून टाकला होता. आपोआप नव्हे, हातानं. तिकडून गोड आवाज आला, "आपला नंबर आमच्या एकाही ग्राहकाशी संबंधित नाही."

कात्रीबाईनं विचारलं, काय म्हणतायत?

म्हटलं, काही नाही... दुकानातून विचारतायत, मी कोण.