ताईला खोडून कसं काढायचं?

“आजी, तुम्ही दोघी भांडताय का?” मैत्रिणींनी पैज लावली म्हणून कोरियातल्या देगू शहरात बसच्या रांगेत मी विचारलंच.

“भांडता येत नाही, हेच तर रडगाणं! आज आमच्या इंग्रजीच्या वर्गात वादविवाद आहे. मी मांजराच्या बाजूने, या मालसुनताई कुत्र्याच्या.”

“मग कर की सराव, ओकबुन! कुत्रं मांजरापेक्षा हुशार.”

“अगदी बरोबर, ताई.”

“अगं बाई, मला खोडून काढ!”

“दोन वर्षांनी मोठ्या आहात तुम्ही, उलट कसं बोलू!”

“आजही नुसती मान डोलावलीस, तर सर आपली जोडी मोडतील.”

“नको नको! ताई, माफ करा हं... तुमचं कुत्रं बिनडोक आहे!” म्हणत ओकबुनआजी कमरेत वाकल्या.

“शाब्बास! आणखी बोल!”

घरी पोचताच मी जाहीर केलं, “आई, बाबा, शुक्रवारी शाळेतल्या इंग्रजी वादविवादात मी आपल्या ताईविरुद्ध उभी राहणार. आधी वाकून नमस्कार करीन, मग धुऊन काढीन!”