सातशे एकाहत्तर

"हॅलो?… हॅलो?… हां, सेजल! थांब गो, बाहेर येते. खोलीत रेंज नाय मिळत… हां, आता बोल. नको, तू नको बोलू, आधी मी सांगते. सातशे एकाहत्तर!… अगो, स्कोअर! माझा स्कोअर! गेल्या महिन्यात सातशे चौसष्ट हुता ना? एकदम सात वाढले… आज सकाळीच बघितला… नाय गो, आपण आपला बघितला तर कमी नाय होत. बँकेनं बघितला तर होतो. विचारलंय मी त्या हेल्पलाइनच्या पोरीला. तीनदा विचारलंय."

बनुबाई फोन कानाला लावून खोलीपुढच्या पायरीवर बसली. बिरवाडीच्या त्या चाळीत आठ खोल्या. दिवाळीची सुट्टी लागली तशी सात खोल्यांना कुलपं लागली आणि कंपनीतली सगळी माणसं आपापल्या गावी गेली. आठव्या खोलीत बनुबाई होती. तिची वाडी पोलादपूरच्या वर डोंगरात, पण तिथलं घर बंद. बंद घर उघडायला एकटीनं कुठं जायचं?

"जेवले, जेवले… भात नि कालचं कालवण. फराळ? केला ना. म्हणजे शेजारणीनं दिला जाताना. ते राहू दे गो, ऐक ना. तो एजंट काय म्हणाला हुता? साडेसातशेच्या वर असला तर बँक डोळे मिटून कर्ज देते. म्हणाला हुता का नाय?… हां! आणि आपले किती? सातशे एकाहत्तर!"

दीड वर्षापूर्वी हे स्कोअरचं वेड नव्हतं. एकोणीस वर्षं बनुबाई महाडच्या एमआयडीसीत पॅकिंगला, ठेकेदाराकडे. जन्मात कुणाचा रुपया बाकी ठेवला नव्हता, याचा तिला केवढा तोरा. मग तिची भाची सेजल, पनवेलच्या हॉस्पिटलात नर्स झालेली, घर घ्यायचं म्हणाली. पनवेललगत करंजाड्याला दोन खोल्या. एकटीच्या पगारावर कर्ज बसत नव्हतं. एजंट म्हणाला, सोबत अजून कुणाचं तरी नाव लावा, फक्त स्कोअर चांगला पाहिजे. बनुबाई त्याच संध्याकाळी झेरॉक्सच्या दुकानात अंकिताकडे गेली. अंकितानं कॉम्प्युटरवर काढून दाखवलं. आकड्याच्या जागी होतं वजा एक.

"शून्याच्या पण खाली?" बनुबाईनं विचारलं होतं.

"तसं नाही, काकी. तुम्ही कधी कर्जच घेतलं नाही ना. बँकेला तुमची काही माहितीच नाही."

ते तिला फार लागलं. दुसऱ्या आठवड्यात तिनं हप्त्यावर फ्रीज घेतला. रोख पैसे होते, तरी हप्त्यावरच. एकटीच्या फ्रीजमध्ये काय असणार? दुधाची अर्धी पिशवी, एक लिंबू, वाटीभर चटणी. मग वीस हजारांची एफडी करून तिच्यावर बँकेचं कार्ड घेतलं. कार्डावर फक्त गॅसची टाकी नि मोबाइलचा रिचार्ज, आणि बिल यायच्या आधीच भरणा. सातव्या महिन्यात पहिला आकडा आला, सातशे दोन. त्या दिवसापासून दात घासायच्या आधी ती स्कोअर बघू लागली. आकडा महिन्यातून एकदाच हलतो हे माहीत असून रोज बघायची. जेवणाच्या सुट्टीत सांगितलं तर पॅकिंगच्या बाया हसायच्या. मग सांगायचं कुणाला? सेजलला. आकडा हलला की फोन. सुरुवातीला सेजल पण हरखायची. हल्ली 'छान, आत्या' म्हणायची नि वॉर्डात बोलावतायत म्हणून ठेवायची.

आज मात्र फोन सेजलनं केला होता.

"कागद सगळे तयार हायत माझे. पगाराच्या स्लिपा सहा महिन्यांच्या, पीएफचा कागद, आधार, पॅन. फोटो पण काढले. पहिले काढलेले त्यात मी रडल्यासारखी दिसत हुते, परत काढले. कवा येऊ सांग. महाडवरनं सकाळची गाडी धरली की अकराला पनवेल… काय?… बोल की मग… बँकेत गेली हुतीस? कवा?… शुक्रवारी? अगो, मग मला बोलवायचं नाय का? रजा टाकली असती… काय नाय चालत?… नीट बोल, आवाज तुटतोय… आत्या नाय चालत?… म्हणजे मी?"

समोरच्या तारेवर तिची एकच साडी वाळत होती. बनुबाई तिच्याकडे बघत राहिली.

"स्कोअर सांगितलास ना त्यांना?… सांगितलास. मग?… आई-बाप, नवरा… सख्खा भाऊ… बरं. आणि आत्या नाय… साहेबाला बोललीस का, की पाच वर्षांची असल्यापासनं मी… हां. हो, ते कशाला सांगशील. बरोबर हाय. फॉर्ममध्ये तेवढी जागा नसंल."

पोलादपूरच्या शाळेत दहा वर्षं सेजलच्या प्रगतिपुस्तकावर पालक म्हणून बनुबाईची सही होती. वेडीवाकडी, पण होती. नर्सिंगच्या हॉस्टेलच्या फॉर्मवर पण तिचीच. तू कोण लागतेस म्हणून तेव्हा कुणी अडवलं नव्हतं.

"रडू नको गो. रडायला काय झालं? दुसरी बँक बघू… तिथं पण तसंच?… तिन्हीकडं? बरं… बरं, गप. पाणी पी. ड्यूटीवर हायस का?… मग कुठं हायस?… कळंबोलीला? कळंबोलीला कुणाकडं?"

विचारलं खरं, पण विचारता विचारताच तिला समजलं. कळंबोलीला त्यांचं एकच माणूस होतं.

"भरतकडं."

भरत म्हणजे तिचा धाकटा भाऊ, सेजलचा बाप. बायको तापानं गेली तेव्हा सेजल पाच वर्षांची होती. भरत कळंबोलीला गोदामात नोकरीला. नवऱ्याकडून कायमची माघारी आलेल्या बहिणीच्या ओटीत त्यानं पोर टाकली आणि वर्षभरात दुसरं लग्न केलं. सेजल बारा वर्षांची झाली तेव्हा शिमग्याला तो गावी आला आणि म्हणाला, आता हिला घेऊन जातो. देवाची पालखी सहाणेच्या चौथऱ्यावर बसलेली, अख्खी वाडी गोळा झालेली. बनुबाई सगळ्यांसमोर ओरडली, चितेची राख थंड व्हायच्या आधी बाशिंग बांधणारा बाप कसला? भरतनं पिशवी उचलली. दुपारच्या एसटीनं गेला. त्याला चौदा वर्षं झाली. तो परत वाडीत आला नाही, आणि हिनंही कधी फोन केला नाही.

"नाय गो, मी कशाला रागवू? बाप हाय तुझा… नाय, खरंच नाय… सही करतो म्हणाला? लगेच?… मग झालं तर. मग कशाला रडतेस?… अडलंय कशात?… किती?… परत सांग… त्याचा सहाशे बारा?"

खोटं कशाला सांगा, बनुबाईच्या जिवाला घडीभर गार वाटलं. सहाशे बारा! हसू पण आलं. मग पलीकडून सेजलचं नाक ओढणं ऐकू आलं आणि ते हसू गेलं.

"सहाशे बारावर कोण देईल? नाय देणार. सातशेच्या वर तरी पायजे… वाढतो ना, का नाय वाढत? माझा वजा एकवरनं आला. करायला पायजे पण… मी?… मी सांगू त्याला?… तू सांगतेस का त्यानं म्हटलं?… तिथंच हाय तो? ऐकतोय?… कवापासनं ऐकतोय?"

तिनं पदरानं तोंड पुसलं. फोन या कानाचा त्या कानाला लावला.

"दे त्याच्याकडं."

पलीकडे भांडी वाजली, खुर्ची सरकली. मग भरतचा हॅलो.

"हॅलो… हां. मी. बनुताय… बोल ना… बरं, मीच बोलते. थकलंय काय काय तुझं?… कार्ड. किती?… एकोणीस हजार. किती महिने?… आणि दुसरं?… मोबाइलचा हप्ता. कुणाचा मोबाइल?… हृतिकचा. हां."

हृतिक म्हणजे भरतचा दुसऱ्या बायकोपासूनचा मुलगा. त्या शिमग्याला चार वर्षांचा होता, आईच्या कडेवर.

"कितवीला हाय तो?… कॉलेजला? एवढा झाला?… बरं, ते नंतर. आता ऐक. तू दर महिन्याला ते कमीत कमी भरत बसतोस ना? तिथंच मरतोस. व्याज फिरत राहतं. सगळं एकदम भर. आणि तुला फोन येईल, अर्धे भरा, मिटवून टाकू… आला पण? मग काय म्हणालास?… हां, हो म्हणू नको! तसं मिटवलंस की रिपोर्टात लिहून येतं, नि मग वर्षानुवर्षं जात नाय ते. पूर्ण भर आणि बाकी नाय असा कागद लिहून घे… कार्ड बंद करायचं नाय. किती जुनं हाय?… बारा वर्षं? मग ठेव. जुन्याला किंमत असते त्यात… हसतोस काय?… मी कुठं शिकले? बसल्या बसल्या शिकले. दुसरं काय हाय मला."

हे तिच्या तोंडून गेलं आणि तिनं घाईनं पुढचं काढलं.

"आणि नव्या कर्जाला कुठं अर्ज करू नको. एक पण नाय. सहा महिने सगळे हप्ते तारखेच्या आधी… वाढतो रे. माझ्यावर सोड… पैसं?… हो, ते खरं. एकोणीस हजार एकदम कुठनं आणशील."

बनुबाईला हिशेब करायला वेळ लागला नाही.

"माझी एफडी हाय वीसची… कार्डाच्या मागं ठेवलीय. मोडता येते… माझं कार्ड बंद होईल, दुसरं काय… स्कोअर घसरंल ना. घसरू दे. माझा आता कुणाला लागतोय?… नाय, उपकार नाय. सेजलच्या घरासाठी देते, तुला नाय देत… दे सावकाश. नाय दिलंस तरी… बरं, दे, दे. बाकी ठेवायची सवय मला पण नाय."

वारा फिरला आणि कंपन्यांकडचा तो उग्र वास चाळीवर आला. बनुबाईनं पदर नाकाला धरला, त्यामुळे पुढचं ती पदरातूनच बोलली.

"भरत… ऐकतोयस?… त्या शिमग्याला मी बोलले ते… नाय, मला बोलू दे. चार लोकांत बोलायला नको हुतं. तू पोर मागायला आलास ते चूक नव्हतं. मला द्यायची नव्हती म्हणून बोलले. ती गेली असती तर मी काय केलं असतं रे त्या घरात एकटीनं?… हॅलो?… हायस ना?… हां… नको, तू काय बोलू नको. झालं ते झालं."

मग भरतच बोलत राहिला, बराच वेळ. बनुबाई नुसती हं हं करत होती.

"हं… हं… हृतिकचं कॉलेज पनवेलला का?… मग सेजलकडंच राहील तो. बरोबर हाय, जाऊन-येऊन दमतं पोर… बाहेरच्या खोलीत झोपंल, हो… भावंडं हायत, राहू देत एकत्र… मी?"

त्या घराचा छापील नकाशा बनुबाईच्या उशाखाली होता. बाहेरच्या खोलीत खिडकीखाली आपली एक खाट मावते, हे तिनं फूटपट्टीनं मोजून ठेवलं होतं. हे तिनं सेजललाही कधी सांगितलं नव्हतं. सही झाली की तिथं राहायला जाणं आपोआप होईल, असं धरून चालली होती.

"नाय रे, मी कुठं येणार? मला हितं कंपनी जवळ पडते. आणि पनवेलचं पाणी मला बाधतं… येईन ना, दोन दिवस येईन. घरभरणीला येईन… सेजल काय म्हणते मागनं?… तिला सांग, आत्या बरी हाय. सांग, आत्या हसते."

उन्हं उतरली होती. चाळीच्या मालकिणीनं लांबून हाक मारून पाण्याचा पंप चालू केल्याचं सांगितलं. बनुबाईनं हातानंच हो म्हटलं. उठली नाही.

"बरं, उद्या बँक उघडली की मी एफडी मोडते. परवा तुझ्या खात्यात येतील. आले की त्याच दिवशी भर, घरात ठेवू नको… आणि दर महिन्याला पाच तारखेच्या आत हप्ता. भरलास की मला कळव… नाय, सेजलला नको, ती ड्यूटीवर असते. मला कळव… मेसेज नको रे. मला वाचता येतो, तसं नाय. पण मेसेज नको. फोन कर… कवा पण कर. सकाळी कर, संध्याकाळी कर. सुट्टीच्या दिवशी पण मी असतेच हितं… हो… हो… तू पण. बायकोला विचारलंय सांग… बरं… ठेव आता… ठेव ना… तू ठेव आधी… बरं बाबा, मी ठेवते."