बोटभर केस

भंडाऱ्याच्या दवाखान्यात राखी केमोच्या सुईसाठी रांगेत बसली होती. मागच्या बाकावर दोन बाया बोलत होत्या.

"गिरजाबाई, तुझ्या रक्षाचे केस पुरे गेले होते न?"

"सुईनंच गेले. मंग आमी सुई बंद केली. खोबरेलात रोझमेरी तेलाचे थेंब टाकून मी रोज चोळून देत होती."

"आले काय?"

"आले न. दोन महिन्यांत बोटभर, काळेभोर. पोरगी आरशासमोरून हटे नाही."

"मंग आज काहून आली वो?"

"तिच्या मरणाचा दाखला पाहिजे."

दुसरीनं तिचा हात हातात घेतला.

"शेवटच्या आंघोळीले केस मीच विंचरले."

राखीनं डोक्यावरचा रुमाल घट्ट बांधला आणि मागं वळली.

"मावशी, ते तेल कुठी भेटते?"