पाठमोऱ्याचं दार

—आणि माझ्या पुस्तकात आहे म्हणून ते खरं, असं कुणी सांगितलं तुम्हाला, मिस्त्री? बसा हो आधी. लिफ्ट दुरुस्त करायला आलात, लिफ्टचं बोला — आणि ते बाहेरचं दार तेवढं लावून या बघू. अर्धा तास झाला सताड उघडं आहे, लिफ्ट बसलीय तळमजल्याला, आणि तुम्ही ती आडवी पिवळी दांडीसुद्धा लावली नाहीत. समोरासमोर आहे माझं दार, इथून सगळा काळा खड्डा दिसतो. रागात आलात तुम्ही, कळतंय मला. बरं, राहू दे. पाच मिनिटांचं तर काम. द्या पुस्तक, सही करते. अगंबाई, केवढ्या चिठ्ठ्या चिकटवल्यात! परीक्षेला बसणार आहात की काय? सही नको? मग?

एक ओळ. कागद वेगळा आणलाय. 'त्या दिवशी दार तुमच्याकडून उघडं राहिलं नव्हतं' — एवढी एक ओळ, खाली माझी सही. कुणासाठी? वडिलांसाठी? कोण तुमचे — थांबा. थांबा जरा. गोळीकाका? तुम्ही गोळीकाकांचे? अहो, मग हे आधी नाही का सांगायचं! तुमचे वडील याच लिफ्टच्या कामावर माझ्या बापाच्या हाताखाली होते, येताना खिशातून लिंबाची गोळी काढायचे माझ्यासाठी, कागदाला खिशातलं ग्रीस लागलेलं असायचं. म्हणून मी गोळीकाका म्हणायचे. आहेत अजून? हात थरथरतात? हं. वय झालं की थरथरतातच.

आता तुम्ही म्हणताय ते पान — हो, माहितीय मला कुठलं. 'पाठमोऱ्याच्या मधल्या बोटाला तिकोनी नख होतं. ते त्याने लिफ्टच्या दाराच्या भोकात घातलं आणि डावीकडे अर्धा वळसा दिला.' पाठ आहे मला. लाखभर लोकांनी वाचलंय, मिस्त्री, एकालाही त्यात वावगं दिसलं नाही, आणि तुम्ही म्हणता ते नख नव्हे, ती तुमची तिकोनी चावी, लिफ्ट आलेली नसताना बाहेरचं दार उघडायची. बरं, असेल. राक्षसाला चावीसारखं नख दिलं मी, कल्पना म्हणतात त्याला. त्यावरच तर पोट आहे माझं. तुम्हाला वाटत असेल, भुताखेतांचं लिहायचं म्हणजे काय, मनाला येईल ते खरडायचं. तसं नसतं हो. माझ्या संपादकबाईंनी पहिल्याच दिवशी नियम सांगितला होता — पानावर खोटं एकच ठेवायचं, बाकी सगळं खरं. राक्षस खोटा ना? मग जिना खरा पाहिजे, पायऱ्या मोजून, दाराचा रंग खरा, कुठल्या मजल्यावर कुठला दिवा गेलाय तेही खरं. तरच माणूस राक्षसावर विश्वास ठेवतो. समीक्षक त्याला 'नागरी अद्भुत' म्हणतात — म्हणजे बक्षिसाच्या यादीत घ्यायचं नसलं की म्हणतात.

पहिलं पुस्तक माझं असलं नव्हतंच मुळी. त्यात शिंगं नव्हती, नखं नव्हती. एक शिवणकाम करणारी बाई, एक नवरा, एक मुलगी. तो मारतो. बस. कसा मारतो ते सगळं लिहिलं होतं मी — पट्ट्याने कसा, पट्टा नसला की हाताने कसा, शेजारी आले की हसून कसा बोलतो. दोनशे प्रती खपल्या नाहीत. संपादकबाई म्हणाल्या, 'अगं, घरच्या मारझोडीचं पुस्तक लोक विकत कशाला घेतील? ते त्यांना घरात फुकट मिळतं. त्या बापाला राक्षस कर, मग बघ.' मी हसले तेव्हा. घरी आले, टेबलाशी बसले, आणि सहा आठवड्यांत लिहून काढलं. अक्षर न् अक्षर तेच, फक्त बापाला शेपूट लावली आणि घरातून उचलून लिफ्टच्या खड्ड्यात राहायला पाठवला. झाली लेखिका!

पाठमोऱ्याची अकरा पुस्तकं झाली आता. अकरा वेळा मारलाय मी त्याला. जाळलाय. तारेत अडकवून दोन मजल्यांच्या मध्ये लटकवलाय. सहाव्या पुस्तकात त्याच्या तोंडात वितळलेलं शिसं ओतलंय, ते लिहिताना मला इतकी भूक लागली होती की उभ्या-उभ्या अर्धा पाव खाल्ला. आणि दर वेळी प्रकाशकाचा फोन — 'बाई, पुढच्या वेळी परत येतोय ना तो?' आणतेच मी परत. माझा पगारी नोकर झालाय तो, की मी त्याची झालेय, काय माहीत. एकदा मध्येच एका चष्मे दुरुस्त करणाऱ्याची साधी गोष्ट लिहिली, कुणी कुणाला चापटसुद्धा मारत नाही त्यात. वाचकांची पत्रं काय आली? 'यात पाठमोऱ्या कधी येतो?' नव्या पुस्तकाचा खर्डा पाठवला तर म्हणाले, या वेळी मार जरा कमी वाटतो. ऐकलंत का? मार कमी वाटतो! आमच्या घरात असं कुणी कधी म्हटलं नव्हतं.

आणि प्रेम करतात हो लोक त्याच्यावर. हे मात्र मला सहन होत नाही. पुस्तकांच्या जत्रेत पोरंपोरी त्याचा मुखवटा लावून उलटी चालत येतात, बोट वर करून, तोंडाने ते ओरडणं. त्यांच्या आया टाळ्या वाजवतात. सगळ्यांना वाटतं, भुतांचे पाय उलटे असतात त्यावरून मी ती चाल घेतली. कसलं आलंय! तो तसाच जायचा. माझा बाप. भांडण करून घरातून निघाला की पाठ फिरवायचा नाही. शेवटचा शब्द त्याचाच पाहिजे ना, म्हणून आमच्याकडे तोंड करून, बोट रोखून, शिव्या देत उलटा उलटा चालत थेट लिफ्टमध्ये. आणि माझं काम काय, तर त्याच्या आधी पळत जायचं, लिफ्ट बोलवायची आणि दार धरून उभं राहायचं. रोजचंच. तो आत गेला की मी दार लावायचे. लिफ्ट खाली जाताना जाळीतून ते बोट सगळ्यात शेवटी दिसेनासं व्हायचं.

काय म्हणालात? डावीकडे? हो, डावीकडेच लिहिलंय, मग? सगळीकडे उजवीकडे फिरते? असेल. लेखक आहे मी, मिस्त्री नाही, चुकलं असेल एखादं — फक्त याच इमारतीत? फक्त पाचव्याच, माझ्याच मजल्यावर कुलूप उलटं बसवलंय, आणि हे तुम्हाला आज सकाळी चावी घातल्यावर कळलं? हं. त्यानेच बसवलं होतं ते. प्यायलेला होता. गोळीकाका म्हणाले, काढून नीट बसवू, तर त्यांच्या कानाखाली वाजवली होती त्याने, माझ्यासमोर. म्हणजे कसं आहे — हे ऐकलेलं असतं लहानपणी, डोक्यात राहतं, लिहिताना उतरतं हातातून. याचा अर्थ मी चावी फिरवली असा नाही होत. चौदा वर्षांची होते मी. चौदा वर्षांच्या पोरीला कुठली आलीय चावी? ती तर खिळ्याला असायची, स्वयंपाकघराच्या दारामागे. त्या दिवशी नव्हती खिळ्याला, पण ते —

पाणी घेता का? मी घेते.

तुम्हाला काय माहितीय त्या दिवसाचं? तुम्ही जन्मलासुद्धा नसाल. सकाळचे अकरा वाजले होते, अशीच वेळ. त्याची सुट्टी. गोळीकाका सकाळी येऊन तेलपाणी करून गेलेले. आईचं काहीतरी चुकलं — नाही, तिचं काहीच चुकलं नव्हतं, हे असं बोलायची सवय लागलीय बघा अजून. तिने शिवणाचं गिऱ्हाईक त्याला न विचारता घेतलं. त्याने तिचा उजवा हात धरला, दाराच्या चौकटीत ठेवला आणि दार लावलं. आपटलं नाही. लावलं. सावकाश, अंगाचा भार देऊन. काडी मोडल्यासारखा आवाज येतो, मिस्त्री. चार वेळा आला. आणि तो तिला सांगत होता, 'आता शिव.' ते पुस्तकात नाही. अकरा पुस्तकांत कुठेच नाही. त्याला शेपूट लावता येत नाही.

मग तो निघाला. म्हणजे निघणार हे मला कळलं, निघायच्या आधी तो पट्टा कसायचा. मी रोजच्यासारखी पळाले. जाताना दारामागे हात घातला. लिफ्ट नाही बोलावली. बाहेरचा दिवा महिनाभर गेलेला होता, अंधार होता. तो आला उलटा, बोट रोखून, आईला म्हणत की संध्याकाळी दुसऱ्या हाताकडे बघतो. एकदा खांद्यावरून मागे पाहिलं त्याने. दार उघडं दिसलं, धरून उभी असलेली मी दिसले. दार उघडं म्हणजे लिफ्ट आलेली, एरवी दार उघडतच नाही — हे त्यानेच शिकवलं होतं मला. माझ्या डोळ्यांसमोरून गेला. मी ओरडू शकले असते. मोजलेली आहेत ती पावलं, चार होती, चौथं खाली टेकलंच नाही. बोट तसंच वर. ओरडला नाही. शिवी अर्धी राहिली तोंडात. मग खालून आवाज आला, आणि मी दार लावलं, रोजच्यासारखं.

चावी आईने घेतली माझ्या मुठीतून, डाव्या हाताने. धुतली आणि खिळ्याला अडकवली. पोलिसांनी विचारलं, सकाळी दाराला कुणी हात लावला होता? आई म्हणाली, दुसरा मिस्त्री आला होता. मग मला विचारलं, त्यानेच उघडं ठेवलं का गं? मी मान हलवली. बोलले नाही हो काही, नुसती मान हलवली. तेवढ्यावर तीन वर्षं बसले तुमचे वडील आत.

मागच्या वर्षी आई गेली. तिच्यासाठी गप्प होते असं स्वतःला सांगायचे. आता कुणासाठी गप्प आहे? घरासाठी, नावासाठी, बाराव्या पुस्तकासाठी! लोकांना कळलं की राक्षस नव्हताच, एक पोरगी होती दार धरून उभी, तर कोण घेईल पुस्तक? असं करू या का — ऐका, ऐका तर खरं — बाराव्यात तुमच्या वडिलांना घेते मी. नायक करते. एक म्हातारा मिस्त्री, थरथरत्या हातांनी पाठमोऱ्याला कायमचा कोंडतो. शेवटचा भाग, जोरात जाईल, अर्पणपत्रिकासुद्धा त्यांनाच. काय? नको? लाखभर लोक वाचतील, मिस्त्री! ती ओळ एकटा म्हातारा वाचणार, ही गोष्ट —

काय करतात ते? परत सांगा. घरातून निघाले की दहादा मागे येऊन कडी बघतात. रात्री उठून बघतात. शेजाऱ्यांच्या दारांच्या कड्या ओढून बघतात, म्हणून मार खाल्लाय त्यांनी. आणि म्हणतात, 'माझ्या हातून राहिलं, माझ्या हातून माणूस मेला.' त्यांना स्वतःलाच — त्यांनाच वाटतं की त्यांच्या हातून? इतकी वर्षं? अहो, मला वाटलं होतं, ते आम्हाला शिव्या घालत असतील. मी तर धरून चालले होते की त्यांना ठाऊक असणार. शिव्या घालणाऱ्या माणसाचं काही वाटून घ्यायचं नसतं ना, मग सोपं जातं.

अहो, ओरडू नका. शेजारी बाहेर येतील. म्हणा, काय म्हणायचं ते म्हणा, खुनी म्हणा, खोटारडी म्हणा — मला मारायला उठलात का? मारा. सवय आहे. नाही? मग निघालात कुठे? कागद राहिला तुमचा. ठेवून चाललात? त्याच्यावर थुंका म्हणताय? बरं. आणि ते बोट खाली करा. माझ्याकडे असं बोट करून बोलायचं नाही कुणी, मी सांगून ठेवते —

— — —

मागे! मागे खड्डा आहे! थांबा, मिस्त्री, थांबा!

हलू नका. चौकट धरा. हां. धरलीत ना? आता पुढे या. टाच बाहेर होती तुमची.

बसा खाली, तिथेच, जमिनीवर. श्वास घ्या. नाही, नाही, माझे उपकार मानू नका. तुम्ही पहिलं पाऊल मागे टाकलंत तेव्हाच मला दिसलं होतं. तीन पावलं गप्प होते मी. मोजत होते.

मग आला आवाज. एवढासा आवाज, बघा. त्या दिवशीही आला असता. आणि खोटं सांगत नाही, त्याच्यासाठी आजही काढला नसता. पण निदान पोलिसांसमोर तरी काढायचा होता मी.

पेन आहे माझ्याकडे. कागद इथेच आहे तुमचा. तुमची ओळ नको, माझी लिहिते. 'काका, दार तुम्ही लावलं होतं. चावी लावून मी उघडलं. डावीकडे अर्धा वळसा देऊन.' डावीकडे लिहिलं की पटेल त्यांना, ते मिस्त्री आहेत. ही सही. ही तारीख. यात शिंगं नाहीत, नीट बघून घ्या. वाचता येत नसेल त्यांना आता, तर तुम्ही मोठ्याने वाचून दाखवा, दोनदा. आणि मग कुणाला दाखवायचा असेल त्याला दाखवा, मी घरीच आहे.

आता उठा. ते दार लावा, चावीने, ओढून बघा लागलंय का ते. आणि जिन्याने जा. माझ्याकडे बघत नका जाऊ. पाठ करा माझ्याकडे, आणि जा.